अडखळणारा व्हिडिओ

वारलेल्या बायकोचा, तिच्या आजारपणात लेकीने काढलेला व्हिडिओ कॉम्प्युटरवर दर दोन शब्दांना अडखळायचा. घड्याळजीचं डोकं फिरलं. या डबड्याचा 'बस स्पीड', म्हणजे आतल्या माहितीच्या वाहतुकीचा वेग, वाढवायचाच, असं त्याने मनावर घेतलं.

लेकीने बजावलं, "बाबा, बस म्हणजे सगळ्यांचा एकच रस्ता. प्रोसेसर पळवायला जाल, तर डिस्कही फरफटत जाईल."

"घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. मला शिकवू नकोस!"

तिसऱ्यांदा वेग वाढवला आणि डिस्क कायमची बसली. व्हिडिओची दुसरी प्रत नव्हती.

"अडखळत का होईना, दिसत तरी होती," तो पुटपुटला.

लेक म्हणाली, "कॉम्प्युटर अडखळत नव्हता, बाबा. आईला धाप लागायची. तुम्ही दुकानात असायचात."