‘ऑल्दो’नंतरचं ‘बट’

"ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वेन्ट टु स्कूल," लेक मोठ्यानं म्हणाली आणि चमचा हातात धरून थांबली.

खुर्चीतल्या बाबांच्या कपाळाला आठी पडली. उजवा हात लुळा होता. डाव्या हाताचं बोट वर आलं. ओठ बराच वेळ झगडले.

"बट... नको."

"अगं बाई, बोलले!" आई दारातूनच ओरडली.

झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत आलेला माणूस पाणी मागायलाही खुणा करत होता. औषधं, व्यायाम सगळं चालू होतं. पण चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की ते अस्वस्थ होतात, हे लेकीच्या ध्यानात आलं होतं. ‘जरी’मागे ‘तरी’ आपल्याकडे चालतं, इंग्रजीत ‘ऑल्दो’ घेतलं की ‘बट’ गाळायचं, यावरून त्यांनी तिला लहानपणी काय कमी रडवलं होतं! वाक्य जमलं तरी कौतुक नाही, लगेच पुढचं.

आता ती मुद्दाम चुकायची. चष्म्याच्या दुकानात कामाला जाण्याआधी, रोज सकाळी त्यांना भरवताना.

"बापाला छळतेस होय गं?" आई म्हणायची.

"रागावले की बोलतात ना! मग रागावू देत."

हळूहळू शब्द वाढले. तिनं ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ जोडलं तेव्हा तर ते चक्क "मूर्ख!" म्हणाले. मायलेकी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

मग दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आले ते बाबा अगदी शांत होते. कुणी काहीही म्हणो, ते नुसतं हसायचे.

"ऑल्दो ही इज इल," भरवता भरवता ती म्हणाली. "बट ही विल गेट वेल."

बोट हललं नाही. त्यांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं, मान डोलावली.

"बरोबर," ते म्हणाले. "शाब्बास."

तिनं चमचा बशीत ठेवला.

"काय म्हणाले गं?" आतून आईनं विचारलं.

"बरोबर म्हणाले."

"बघ! मी सांगत नव्हते, सुधारतायत म्हणून?" आई हात पुसत लगबगीनं आली, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचे विस्कटलेले केस बोटांनी सारखे करू लागली.

लेकीनं पाठ फिरवून पायात चपला सरकवल्या. पट्टा लावायला ती खाली वाकली, ती बराच वेळ तशीच राहिली.