नजरेच्या टप्प्यात

चाळिशी कधीच ओलांडली होती, माथ्यावर टक्कल पडायला लागलं होतं, तरी घरात त्याला अजून बाळच म्हणत. आणि तो जन्मला त्या दिवशी त्याची बहीण जी ताई झाली, ती कायमचीच. तिला आता त्या हाकेत नात्यापेक्षा हुद्दा ऐकू यायचा. बाळाने मोडायचं आणि ताईने निस्तरायचं, असा तो हुद्दा.

तसं निस्तरणं हाच तिचा धंदाही होता. बंदराच्या मागच्या गल्लीत तिचं वर्कशॉप होतं. हवा भरून फुगवायच्या रबरी बोटी तिथे दुरुस्तीला यायच्या. आत पाऊल टाकलं की गोंदाचा उग्र वास नाकात जायचा. फुगवलेल्या बोटीवर साबणाचं पाणी फासून ती बुडबुडा कुठे उठतो ते बघत बसायची, आणि छिद्र सापडलं की घासून, पुसून, ठिगळ लावून वर वजन ठेवायची. कोपऱ्यात तिची स्वतःची बोट असायची आणि तिला टेकून बाळाची. बाळाची बोट धुवायची तिने, हवा तपासायची तिने, आणि मित्रांना घेऊन फिरायला न्यायची त्याने.

त्या वर्षी मावशी घरात पाय घसरून पडली आणि कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. मावशी समोरच्या बेटावर राहायची. बेटाची लाँच नेमकी तेव्हाच दुरुस्तीला काढलेली; आज सुरू होईल, उद्या होईल, असं चाललं होतं. फोनवर मावशीचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला तशी आई घरात येरझाऱ्या घालायला लागली. शेवटी म्हणाली, माझ्या दोन मुलांच्या दोन बोटी आहेत आणि मी इथे बसून बहिणीच्या मरणाची वाट बघतेय.

ताईने आधी सरळ नाही म्हटलं. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणं वेगळं आणि मोकळा समुद्र ओलांडणं वेगळं. पण आई जेवेना, तेव्हा तिने हवामानाचा अंदाज रोज बघायला सुरुवात केली आणि एका संध्याकाळी आई आणि बाळ दोघांना वर्कशॉपमध्ये बसवून सगळं समजावलं. वारा पडलेला असेल त्याच दिवशी सकाळी निघायचं, कारण दुपारनंतर तो उठतो. एका बोटीने कधीच जायचं नाही, दोन हव्यात, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी आहे. जी हळू चालेल तिच्या वेगाने दोघींनी चालायचं. एकमेकांच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही. रेडिओ चालू ठेवायचा, इंजिनाची लाल दोरी मनगटाला बांधलेली ठेवायची, म्हणजे माणूस पडलाच तर इंजिन आपोआप बंद होतं. अर्ध्या वाटेवर दिव्याचा खडक आहे, तिथपर्यंत लाटांवर फेस दिसायला लागला तर परत फिरायचं, मग बेट कितीही जवळ वाटो.

बाळ अंगठ्याने बोटीचा फुगा दाबत हो गं, हो गं करत होता. आई म्हणाली, "किती घाबरवतेस त्याला."

निघाले त्या दिवशी पाणी तेलासारखं होतं. ताईने बंदरावरच्या रेडिओवाल्याला सांगून ठेवलं, दोन बोटी, तीन माणसं, जेवणाच्या वेळेपर्यंत पोचल्याचं कळवू. आई ताईच्या बोटीत बसली. बाळाची बोट उडते फार, माझी कंबर धरेल, असं तिचं म्हणणं. लाइफ जॅकेटमध्ये ती कुकरच्या झाकणासारखी घट्ट बसली होती आणि तरी खुशीत होती.

बंदराची भिंत मागे पडेपर्यंत बाळ शेजारून चालला. मग जरा पुढे गेला. मग त्याने हात हलवला, पुढचं टोक उचललं आणि पाण्यावर आपटत सुटला.

ताईने रेडिओवर हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दिव्याच्या खडकाशी तो थांबेल असं तिने स्वतःला बजावलं. खडक समोर दिसायला लागला. त्याच्या पलीकडे बाळ बोटाच्या पेराएवढा दिसत होता आणि लहान लहान होत होता.

"किती छान चालवतो," आई म्हणाली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे तिने थांबायला हवं होतं. एकटी बोट, म्हातारी आई, पुढे अर्धा समुद्र; तिच्याच नियमाने परत फिरायला हवं होतं. पण फिरावं तर तो पुढे एकटा पडतो. आणि खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. तिला त्याला गाठायचं होतं, कॉलरला धरायचं होतं. तिने इंजिनाचा जोर वाढवला आणि डोळे त्या ठिपक्यावर रोवले. पाण्याकडे बघायची ती विसरली.

जाळ्याचा तुटलेला दोर पाण्यात तरंगत होता. तो इंजिनाच्या पंख्यात गुंतला तेव्हा बोटीला मागून कोणी खेचावं तसा हिसका बसला, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. आई पुढे कोलमडली. मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत इतका वेळ न कळलेली गोष्ट कळली. वारा उठला होता.

बोट आडवी झाली आणि पहिली लाट फुग्यावरून आत आली. ताईने आईला तळाशी बसायला सांगितलं आणि पुढून कापडी नरसाळं पाण्यात सोडलं. ते पाणी भरून ओढ धरतं आणि बोटीचं तोंड लाटेकडे ठेवतं. बोट सरळ झाली, पण वाहत होतीच, आणि वारा तिला नेत होता तो अजून न ओलांडलेल्या दिव्याच्या खडकाकडे.

तिने बंदराला हाक दिली. कुठे आहोत ते सांगितलं, पंख्यात दोर आहे, कापायचा प्रयत्न करते, थोड्या वेळात पुन्हा बोलते. रेडिओवाला शांत माणूस. त्याने विचारलं, दुसरी बोट कुठे आहे?

"दिसत नाही," ताई म्हणाली. हे दोन शब्द उच्चारताना तिचे दात एकमेकांवर घासले.

रेडिओवाल्याने बाळाला हाका मारून बघितल्या. त्या तिलाही ऐकू येत होत्या, एकामागून एक, आणि प्रत्येक हाकेनंतरची खरखर.

"येईलच आता वळून," आई खालून म्हणाली. "त्याच्या लक्षात येईल."

इंजिन वर उचलून ताई मागच्या फळीवर पालथी पडली, हातात सुरी घेऊन. दोर पंख्याभोवती वेणीसारखा आवळला होता. लाट आली की तिचं डोकं खांद्यापर्यंत पाण्यात जायचं. तिने आईला जॅकेटचा पट्टा धरायला सांगितला. म्हातारीने पट्टा असा धरला की नंतर बोटं सरळ व्हायला वेळ लागला. तिला ओकारी आली तीही तिने पट्टा न सोडता, तिथेच केली. ताई पीळ पीळ कापत होती आणि प्रत्येक पिळाला मनातल्या मनात भावाला एक शिवी देत होती. मधेच एक स्वतःला दिली. ती सगळ्यात कडू होती, कारण ती खरी होती, आणि तिच्यामुळे भावावरचा राग कमी व्हायच्याऐवजी वाढलाच.

शेवटचा पीळ सुटला. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. पंखा थरथरत होता, जोर देता येत नव्हता. खडक इतका जवळ आला होता की त्यावरचे शिंपले दिसत होते. तिने रेडिओवर निघाल्याचं कळवलं. परत जायचं तर वारा तोंडावर होता. बेटाकडे तो पाठीशी. ती बेटाकडे गेली, हळूहळू, मागून येणारी प्रत्येक लाट बघत.

बाळ धक्क्यावर पाय सोडून बसला होता. मागे चहाचा कप होता. रेडिओ पिशवीत होता, बंद. सारखा खरखरत होता म्हणे, कटकट नुसती.

"किती उशीर केलात," तो हसत म्हणाला. "मी मावशीकडे जाऊनसुद्धा आलो."

ताईच्या केसांतून पाणी गळत होतं, हाताची साल निघाली होती. ती तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "आम्ही आपल्या रमतगमत आलो, समुद्र बघत."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग आईचा चेहरा बघून कळलं, बरोबर ऐकलं. पोराला वाईट वाटू नये म्हणून ही बाई स्वतःच्या ओकारीने माखलेल्या पदरावर बसून खोटं बोलत होती. ताई बाळाच्या बोटीत उतरली, इंजिनाची लाल दोरी काढली आणि खिशात घातली. त्या दोरीशिवाय इंजिन लागत नाही.

मावशीच्या खोलीत तिने सगळं सांगितलं. खिडकीशी पलंग, उशाला औषधांच्या बाटल्या, आणि मावशी आईचा हात छातीशी धरून पडलेली. ताईचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागत होता. बाळाने आधी हसून नेलं, मग म्हणाला, पोचलात ना सुखरूप, मग एवढं काय? तूच म्हणतेस तू पट्टीची आहेस, मग तुला कशाला कोणाची राखण? मावशीने डोळे मिटून घेतले. आई म्हणाली, जाऊ दे, त्याचा स्वभावच तसा, लहानपणापासून.

"स्वभाव नाही," ताई म्हणाली. "तुम्ही सगळे मागे निस्तरायला आहात हे त्याला ठाऊक आहे. ही दोरी मी देणार नाही. माझ्या मागे, माझ्या वेगाने येणार असेल तर मिळेल. नाहीतर राहू दे त्याला इथेच."

बाळ ताडकन उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी ताईने पंखा बदलला, सुटा पंखा ती बरोबर ठेवायची. त्याच्या पुढच्या दिवशीही वारा होता. बाळ तिच्याशी बोलत नव्हता. भात वाढताना आईच्या मार्फत निरोप चालायचे. वारा पडला त्या सकाळी आई धक्क्यावर आली आणि म्हणाली, "मी त्याच्या बोटीत बसते. मी असले की तो मागे राहील."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. युक्ती बरोबर होती, हीच तर चीड होती. ज्याने वाऱ्यावर सोडलं त्यालाच मांडीवर घ्यायचं, म्हणजे तो शहाण्यासारखा वागेल. आणि जी वागते तिने एकटीने जायचं.

तिने दोरी बाळाच्या हातात दिली नाही. आईच्या हातात दिली.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता, म्हणजे जसा असायला हवा तसाच झाला. बाळ तिच्या मागे, हाकेच्या अंतरावर, रेडिओ चालू. अर्ध्या वाटेवर त्याने रेडिओवर म्हटलं, "ताई, जरा वेग वाढव की," आणि लगेच आईचा आवाज आला, "गप चालव." ताईने मागे वळून बघितलं. आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती आणि थेट तिच्याकडे बघत होती. बंदर येईपर्यंत ताई जेव्हा जेव्हा वळली तेव्हा ती नजर तिथेच होती. तिने राग शांत होतोय का ते चाचपून पाहिलं. होत नव्हता.

बाळ धक्क्यावरूनच घरी गेला, बोट तशीच टाकून, नेहमीसारखी. सगळ्यांना सांगायला त्याच्याकडे आता गोष्ट होती. संध्याकाळी शेजारच्या काकांपुढे तो ती रंगवून सांगतानाही ताईने ऐकला, आणि त्या गोष्टीत दोर गुंतला तेव्हा तो जवळच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने वर्कशॉपमध्ये बाळाच्या बोटीची हवा काढली. फुग्यांनी लांब सुस्कारा टाकला आणि ते तळाशी बसले. तिने ती धुतली नाही, घडी नीट केली नाही, नुसती गुंडाळली आणि हातगाडीवर टाकली. इंजिन उचलताना तिची पाठ धरली. आई डबा घेऊन आली होती. दारात उभी राहून ती बघत होती.

"कुठे नेतेस?" तिने विचारलं.

"त्याच्या अंगणात. आता त्याची बोट त्यानेच सांभाळायची. आणि माझ्याबरोबर तो पुन्हा समुद्रात येणार नाही. लाँच सुरू झाली नाही तर मी बंदरावर दुसरी बोट शोधीन, तुला मावशीकडे नेईन. त्याला नाही."

ताई उत्तराची वाट बघत उभी राहिली. लहान आहे, जाऊ दे, काय म्हणतील लोक. यातलं कुठलंही आलं असतं तरी तिची तयारी होती, आणि खरं तर काहीतरी यावं असंच तिला वाटत होतं, म्हणजे ओरडता आलं असतं.

आईने डबा खाली ठेवला. "मला तिथे वाटलं होतं आपण बुडणार," ती म्हणाली. "आणि तरी मी त्याचीच बाजू घेतली. का घेतली, माझं मलाच कळत नाही."

"मला कळतं," ताई म्हणाली.

तिने हातगाडी ढकलली. चाक उंबऱ्याशी अर्धवट उघड्या दाराला अडलं. आई पुढे झाली आणि तिने दार दोन्ही हातांनी मागे ओढून धरलं.