दुष्काळातलं बाळसं

बहात्तर सालचा दुष्काळ. काष्टी गावात जो तो वाळून चिपाड झालेला आणि गोजरबाईची सून विजयमाला तेवढी दिसामासानं अंग धरत होती. गाव बघणार नाही तर काय करणार?

सून अंग का धरतेय, हे गोजरबाईला ठाऊक होतं. गेल्या साली विजयमाला विझलेल्या चुलीशी तासन्‌तास भांडायची, कानात कुणी बोलतंय म्हणून कान बडवून घ्यायची. मुलगा सहादेव तिला गुपचूप पुण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले. डॉक्टरनं बजावलं होतं, "भूक वाढेल, अंग सुटेल, पण गोळ्या सोडायच्या नाहीत." भूक वाढायला मुहूर्त मात्र झकास मिळाला! गोजरबाई रोज आपल्या भाकरीतली कोर सुनेपुढं सरकवायची. शहाणी सून परत मिळाली होती, तिला त्याचंच अप्रूप.

पण घरात वेड आहे हे फुटलं असतं, तर लेकीचं, छबूचं, ठरलेलं लग्न मोडलं असतं. म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

शेवटी खडी फोडायच्या कामावर लंकाबाईनं चारचौघींत विचारलंच.

"गोजरे, आमी सरकारी सुकडीवर दिस काढतोय अन् तुजी सून फुगतीया. धान्याचं पेव दडवलंस व्हय गं?"

चोर म्हणवून घ्यावं, का येडीची सासू? गोजरबाईनं पदर खोचला.

"दडवलंय. काय करशील?"

चार दिवसांत छबूचा होणारा सासरा, कारभारी, दारात हजर. येडाचं फुटलं की काय, असं गोजरबाईला वाटलं, पण गडी भलताच खुशीत होता.

"इहीनबाई, म्होरल्या आठवड्यातच बार उडवू. आमच्याकडं दाना न्हाई. वऱ्हाडाचं जेवान तुमच्या पेवातनं!"

आता आली का पंचाईत! पेव असतं तर गोजरबाईनंच आधी त्यात उडी घेतली असती. तिनं कोनाड्यातली गोळ्यांची बाटली आणून त्याच्यापुढं ठेवली.

"पेव न्हाई, दादा. खोटं बोलले मी. सूनबाईला येड लागलं हुतं. ह्या गोळ्यांनी अंग सुटलंय तिचं."

"खरं हाय, मामा," विजयमाला दारातून म्हणाली. "माज्या कानात कुनीतरी बोलायचं."

कारभारी पोट धरून हसला.

"येडं मानूस वाळून कोळ हुतं. ही तर पाटलीनवानी दिसतीया, बोलतीया बी शहान्यावानी! द्यायचं नसंल तर सरळ सांगा, पर धडधाकट सुनंला येडी ठरवू नगा." त्यानं टोपी चढवली. "येड्याचं घर येक येळ चाललं असतं आमाला. चिक्कू मानसाचं न्हाई."

आणि तो गेला. लग्नही गेलं.

विजयमालानं गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि मान खाली घालून पुटपुटली, "आत्याबाई, भूक लागली."

छबूनं डोळे पुसले आणि आपली भाकरी तिच्यापुढं सरकवली.