इस्त्रीमावशी आणि पृथ्वीच्या बुडाशी राहणारी लेक

या, असे जवळ सरका. पाय मोकळे सोडा, जांभई आली तर खुशाल द्या, पण कान इकडे असू द्या. इस्त्रीमावशी पृथ्वीवरून पडता पडता कशी वाचली, ती गोष्ट आज सांगायची आहे.

मावशीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि खोलीभर वाफ. शेजारच्या खोलीत तिचे यजमान खेळायचे चेंडू शिवत. एकुलती एक लेक जावयाबरोबर दूरदेशी गेलेली, आणि तिला आता नववा लागलेला. "आई, तू जवळ हवीस," असं ती रोज फोनवर म्हणे. तिकीटही आलं होतं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेल्याला दृष्ट लागतेच. ती लागली मास्तरांच्या घरी.

मावशी मास्तरांचे शर्ट पोचवायला गेली. टेबलावर पृथ्वीचा गोल होता.

"मास्तर, माझी लेक यात कुठंय हो?"

मास्तरांनी वाकून गोलाच्या पार बुडाशी बोट टेकवलं आणि ते शर्ट ठेवायला आत गेले. मावशी खाली वाकून बघते तो काय, लेकीच्या देशावर धूळ! तिच्या जिवाला ते कसं बघवावं? कपड्यांवर शिंपडायची सवय. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी तिने गोलावर शिंपडलं. थेंब घरंगळत घरंगळत खाली आले, लेकीच्या देशापाशी जमले, क्षणभर लोंबकळले आणि टपकन जमिनीवर पडले.

मावशीच्या तोंडचंच पाणी पळालं.

"अहो, पोरगी तिकडे उलटी लटकतेय आणि तुम्ही टाके कसले घालताय!" ती घरात शिरली तीच ओरडत. "दाईच्या हातून बाळ निसटलं तर थेट आभाळात जाईल!"

यजमान शांत माणूस. त्यांनी साखरेच्या डब्यावरची एक मुंगी उचलून चेंडूवर सोडली. मुंगी चेंडूच्या पोटाखालून आरामात चालू लागली.

"बघ. पडली का?"

तेवढ्यात मुंगी त्यांच्या चहात पडली.

"पडली," मावशी म्हणाली.

"अगं, मुंगीचं सोड. पृथ्वी चहूबाजूंनी सगळ्यांना आपल्या पोटाकडे ओढते. पोटाकडे ते खाली, आभाळाकडे ते वर. इथेही तसंच, तिथेही तसंच. देवाने सोय करून ठेवलीय."

"आणि ओढून ओढून तिचे हात भरून आले म्हणजे?"

"तिला हात नाहीत."

"मग ओढते कशाने?"

यजमानांनी दोरा दातांत धरला.

झालं, मावशीने तिकीट रद्द करायचं ठरवलं. निरोप सांगायला लेकीला फोन लावला. पडद्यावर लेकीचा सुजलेला चेहरा आला. "आई, बॅग भरलीस?"

"आधी हातातला चमचा सोड."

"काय?"

"सोड म्हणते ना!"

खण्णकन आवाज झाला.

"कुठे गेला?"

"खाली."

"तुझ्या खाली की माझ्या खाली?"

"आई, तुला बरं आहे ना?"

"चहा ओत."

लेकीने मुकाट्याने कपात चहा ओतायला घेतला. मावशीचा संशय काही फिटेना. "तू फोन उलटा धरलायस, मला फसवायला!" असं म्हणून तिने आपलाच फोन उलटा केला. आता लेक डोक्यावर उभी आणि चहा वर चढतोय.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?"

"फोन सरळ कर," यजमान दोऱ्याआडून म्हणाले.

"मी येत नाही गं," मावशी फोन सरळ करत म्हणाली. "मी तिथून पडले तर तुझ्या बाबांना कोण बघणार?"

लेक हसेल असं यजमानांना वाटलं होतं. ती हसली नाही. "आई, मला फार भीती वाटतेय," एवढंच बोलली, आणि तिच्या डोळ्यातून एक थेंब निघाला. नाकाच्या कडेने ओठापाशी आला, हनुवटीवर थांबला आणि तिच्या भरल्या पोटावर पडला.

मावशी टक लावून बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उलटी टांगलेली असती तर पाणी कपाळावरून केसांत गेलं असतं, नाही का?"

"गेलं असतं."

"चमचा तिने टाकला, चहा तिने ओतला. हे कुणी ओतलं नाही." मग फोनमध्ये तोंड घालून ओरडली, "रडू नकोस गं बाई! येते मी! तुझं 'खाली' खालीच आहे!"

गेली, पण विश्वास ठेवावा तो बेताने. विमानतळावर वजनकाट्यावरची बाई म्हणाली, "आजी, बॅगेत लोखंडी इस्त्री कशाला? वजन जास्त होतंय."

"व्हायलाच हवं," मावशी म्हणाली. "उतरल्यावर लागेल."

जास्तीचे पैसे भरून इस्त्री गेली. उतरल्यावर मावशीने पहिलं पाऊल टाकलं ते एका हाताने जावयाचा दंड आणि दुसऱ्या हाताने बॅग घट्ट धरून. जमिनीने तिला अलगद धरून ठेवलं. चौथ्या दिवशी नात झाली. मावशीने तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, तशी पोरीने दुधाची गुळणी टाकली. ती आभाळात गेली नाही. मावशीच्या नव्या कोऱ्या, कडक इस्त्रीच्या पोलक्यावरून थेट खाली ओघळली.

"आहे हो, ओढ आहे," मावशी समाधानाने म्हणाली आणि पोलकं पुसायचंच विसरली.

तर मायबापहो, जेवताना तुमच्या हातून चमचा निसटला तर चिडू नका. वाकून उचला, धुऊन घ्या, आणि तेवढ्यात एकदा आमच्या इस्त्रीमावशीची आठवण काढा.