सात जणींचं एकच उत्तर

कुणी फॉर्म घेऊन दारात आलं की दीपमालाच्या कपाळावर आठ्या चढायच्या. साताऱ्यात असाच एक जण आरोग्याच्या सर्वेला म्हणून आला, नावं लिहून घेतली, चहा प्याला, आणि आठवड्याच्या आत घरमालकाला सगळ्यांची कुंडली ठाऊक. त्यानं घराबाहेर काढलं, आणि सहा चेल्यांना घेऊन तिला कुपवाडला बिऱ्हाड हलवावं लागलं. आता इथूनही उठायचं म्हणजे जायचं कुठं?

त्यामुळं भार्गवी नावाची पोरगी आली, तेव्हा दीपमालानं आधी तिची पिशवी उलटीपालटी करून पाहिली. तृतीयपंथीयांचं मन कसं आहे, एचआयव्ही होऊ नये म्हणून रोजची गोळी घेतात का, याचा अभ्यास होता म्हणे.

"नाव लिहीत नाही ताई, नुसता नंबर," भार्गवी म्हणाली.

"आसंच म्हनत्यात समदी," दीपमाला म्हणाली. "उद्या या."

परक्या माणसासमोर गुरू ठरवेल तेच चेल्यानं बोलायचं, ही त्या घरची रीत. दीपमालानं सगळ्यांना ओळीनं बसवून उत्तरं घोटून घेतली. झोप लागते? लागते. गोळी चुकते? न्हाई. जीव नकोसा वाटतो? न्हाई. दुसऱ्या दिवशी सातही जणींनी पोपटासारखं म्हणून दाखवलं, आणि भार्गवीला कसं गुंडाळलं म्हणून दीपमाला मनातून खूश झाली.

चौथ्या दिवशी भार्गवी पुन्हा दारात. हातात कागद नाही, काही नाही.

"आता काय ऱ्हायलं?"

"ताई, कुणाच्या उत्तरात काळजी करण्यासारखं दिसलं, तर आमच्या डॉक्टर त्याच दिवशी भेटतात. तुमच्या घरातून कुणालाच बोलावलं नाही. सातही जणींचं शब्दाला शब्द सारखं."

"तुमचा अभ्यास बिगाडला, म्हून आलाय व्हय?"

"अभ्यासाचं मी बघीन. कुणाला गरज असेल आणि ती राहून गेली असेल, म्हणून आले." फोन नंबर देऊन ती निघून गेली.

पकडायलाच आली होती, असं पुटपुटत दीपमालानं दार लावलं. पण चैन पडेना. जेवणं चालली होती. पाच जणी भाजीवरून भांडत होत्या. सगळ्यांत धाकटी प्रांजल ताटात नुसती बोटं फिरवत होती. किती दिवस अशी जेवते ही? दीपमालाला सांगता येईना. परकीची पिशवी तिनं शिवणीपर्यंत तपासली होती, आणि घरातल्या पोरीचं ताट कधी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं प्रांजलला मागच्या पायरीवर बोलावलं. "जीव नकोसा वाटतो का गं?"

"न्हाई अम्मा." उत्तर तयारच होतं.

"शिकवल्यालं नगं. खरं सांग."

प्रांजलनं मागं वळून घराकडं बघितलं. मग एवढंच म्हणाली, "खरं सांगितलं तर घरातनं काडणार न्हाई न्हवं?"

साताऱ्याच्या घरमालकाला दीपमालानं नाही नाही ते शाप दिले होते. आता पोरगी तिच्याकडं, त्या घरमालकाकडं बघावं तशी बघत होती.

तिनं प्रांजलला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हातानं भार्गवीला फोन लावला. "मॅडम, डॉक्टरबाईस्नी घिऊन या. आताच. पोरीसंगं तुमी आत बसा. मी भाईर ऱ्हाते."