पिवळी रजई

सबलसिंहाच्या दुर्बिणीतून हिमालय दिसला नाही असा माणूस अजून जन्माला यायचा होता. आभाळ निरभ्र असो की ढग उतरलेले असोत, लंढौरच्या लाल टिब्बा नावाच्या टेकडीवर चढून आलेला प्रत्येक जण त्या पितळी नळीला डोळा लावायचा आणि "दिसलं, दिसलं!" म्हणूनच बाजूला व्हायचा. ही किमया दुर्बिणीची नव्हती, सबलसिंहाच्या जिभेची होती. "ते पांढरं टोक दिसलं? ते बंदरपूंछ. आता जरा उजवीकडे. दिसली ना? ती स्वर्गारोहिणी. पांडव इथूनच वर गेले." मागे रांग ताटकळत असायची, बायको "अहो, दिसलं का?" म्हणून बाही ओढत असायची. अशा वेळी नाही म्हणायला छाती लागते, आणि ती पर्यटकाकडे नसते. घाटात ओकाऱ्या काढत वर आलेल्या माणसाला, काहीच दिसलं नाही, हे स्वतःलाच परवडत नाही.

"सबलदा, तू ढगाचासुद्धा केदारनाथ करतोस," शेजारचा चहावाला चैतराम म्हणायचा. "नरकात जाशील बघ."

"आणि तू चहात दूध घालतो म्हणतोस, ते कुणाला दिसलंय? तिथंही शेजारीच बसू."

दुर्बीण मूळची एका मेमसाहेबाची. सबलसिंहाचा बाप तिची डांडी वाहायचा. डांडी म्हणजे चौघांनी खांद्यावर घ्यायची लाकडी खुर्ची. साहेबलोक गेले, मेमसाहेबही गेली, आणि दुर्बीण नि डांडी त्याच्या बापाला देऊन गेली. दुर्बिणीनं दोन पिढ्या पोसल्या. डांडी चैतरामच्या टपरीमागे पडून होती आणि तो तिच्यात कोळसा भरून ठेवायचा.

सबलसिंहाचा शेवटचा नजारा मात्र अगदी खरा होता. अगलाड नदीच्या पलीकडे, समोरच्या डोंगराच्या कुशीत सौंदाड नावाचं गाव होतं आणि तिथं त्याची एकुलती एक लेक सुरेशी नांदत होती. आई लहानपणीच गेलेली, बापानंच वेण्या घालून वाढवलेली पोर. लग्नात त्यानं तिला लंढौर बाजारातल्या पिंजाऱ्याकडून दोन रजया भरून दिल्या होत्या, एक पिवळी आणि एक लाल. तिकडे ना तार ना फोन. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. म्हणून बापलेकीनं ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी अंगणाच्या कठड्यावर पिवळी रजई पडली की सगळं ठीक. लाल पडली की, बाबा, या.

आणि सबलसिंह कसला, त्यानं लेकीच्या खुशालीचाही धंदा केला. "आता शेवटचं बघा. तो उतार, ती दगडी छपरांची घरं, त्यातलं अगदी कडेचं. कठड्यावर पिवळी रजई दिसते ना? ती माझ्या मुलीची." बायका विरघळून जायच्या. कित्येकींना हिमालयापेक्षा ती रजईच जास्त आवडायची.

त्या वर्षी पावसाळा सरताना तो सौंदाडला जाऊन आला. सुरेशी पोटुशी होती, जावई फौजेत, दूर सीमेवर. ओढ्यापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिनं त्याची बाही धरली.

"बाबा, मला इथं बाळंत नाही व्हायचं. सासूबाई म्हणतात सगळ्याच घरी होतात. पण मला भीती वाटते. खालच्या वाडीतली गेली ना, तशी."

"वेडी का काय! दिवस भरत आले की लाल रजई टाक. चौघांना घेऊन येतो आणि मेमसाहेबासारखी डांडीत बसवून थेट दवाखान्यात नेतो."

"आणि टोपी? मेमसाहेबाला टोपी असते."

"टोपीपण आणतो."

परत आल्यावर त्यानं चैतरामचा कोळसा बाहेर ओतला, शिव्या खाल्ल्या, डांडीचा मोडका दांडा बदलून घेतला. चार गडी सांगून ठेवले. मॉल रोडवरच्या तिबेटी बाईकडून फुलाची एक टोपीही आणली आणि डांडीत ठेवली.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. त्याला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दुर्बिणीतून बघावं तर नुसता दुधाळ उजेड. कुठलं शिखर कुठं ते हाताला पाठ होतं, दुर्बिणीच्या लोखंडी घोडीवर त्यानं खाचा पाडून ठेवल्या होत्या आणि नळी त्या खाचेत बसली की तोंड आपोआप सुरू व्हायचं. सौंदाडचीही खाच होती. हंगाम संपला की डोळे कापून घ्यायचे असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तोवर बोलायचं कसं? दुर्बीणवालाच आंधळा म्हटल्यावर टेकडीवर हसू झालं असतं. चैतरामला विचारावं, तर तो म्हणायचा, "मला समोरून हिमालय फुकट दिसतो, तुझ्या नळीत कशाला वाकू?"

म्हणून रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की सबलसिंह त्याला आधी सौंदाड दाखवायचा, मग हिमालय. "कठड्यावर पिवळी रजई दिसते ना?"

"हो, दिसते की!"

एवढं ऐकलं की त्याचा दिवस गोड जायचा. जन्मभर लोकांना हो म्हणायला शिकवलेला माणूस आता त्याच होच्या भरवशावर निवांत झोपत होता.

दसरा झाला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, टेकडीवर ही गर्दी, माकडटोप्या घातलेले बंगाली, दिल्लीची बिऱ्हाडं, मधुचंद्राची जोडपी. अशाच एका सकाळी लखनौच्या एक वयस्कर बाई काठी टेकत वर आल्या. आदल्या दिवशीही त्या नवऱ्याबरोबर येऊन गेल्या होत्या. आज एकट्याच होत्या.

"भाऊ, मला ते तुमच्या मुलीचं घर परत दाखवा."

सबलसिंह खूश झाला. नळी खाचेत बसवली. "बघा. पिवळी रजई दिसते ना?"

बाई बराच वेळ वाकून होत्या. मागच्यांची चुळबुळ सुरू झाली.

"नाही," त्या म्हणाल्या.

हा शब्द त्या टेकडीवर इतक्या वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

"नीट बघा बाई. कडेचं घर."

"कडेचंच बघते आहे. रजई आहे, पण पिवळी नाही, लाल आहे. कालही लालच होती. तुम्ही पिवळी म्हणालात, मागं लोक खोळंबले होते, मला वाटलं माझेच डोळे गेले, म्हणून हो म्हटलं. आमचे हे पण हो म्हणाले. रात्रभर मनाला चुटपुट लागून राहिली."

सबलसिंहानं त्यांना बाजूला सारून स्वतःचा डोळा नळीला लावला. दुधाळ उजेड. त्यानं डोळे चोळले, परत लावला. मग तो चैतरामच्या नावानं असा ओरडला की चैतराम किटली टाकून धावत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुर्बिणीत वाकला.

"लाल आहे, सबलदा."

"चांगलं बघ रे!"

"लालभडक आहे." चैतराम सरळ झाला आणि त्यानं मित्राच्या डोळ्यांकडे पाहिलं. "अरे, तुला दिसत नाही? कधीपासून?"

सबलसिंह तोवर गड्यांना हाका मारत सुटला होता.

चार गडी, रिकामी डांडी आणि मागे ठेचकाळत सबलसिंह, असे ते अगलाडकडे उतरले. त्याला वाट दिसत नव्हती, पायांना माहीत होती. दोनदा पडला. गुडघा फुटला, तरी "चला, चला, पोर खोळंबलीय" एवढंच बोलत होता. नदी ओलांडल्यावर चढ लागला आणि त्यानं देवाला नवसात बकरा बोलला, डोळे बोलले, दुर्बीणसुद्धा बोलली.

सौंदाडला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात बायका बसल्या होत्या, आणि कुणीच उठून पुढं आलं नाही. कठड्यावर काय आहे ते त्यानं चाचपडून पाहिलं. रजई दवानं भिजलेली होती.

"आज पहाटे गेली," विहीणबाई म्हणाल्या. "लेकरू आडवं आलं होतं. तेही गेलं. गावात बाप्या माणूस नाही, सगळे खाली मैदानी मुलखात पोटापाठी. तुमचीच वाट बघत होतो."

त्यानं ओली रजई कठड्यावरून ओढून कुशीत घेतली.

विहीणबाईंचा बांध फुटला. "कळा सुरू व्हायच्या आधीच तिनं लाल टाकली होती. दोन दिवस झाले तशी मी म्हटलं, लंढौरला माणूस धाडू. शेजारची चंपा कमरेला पदर खोचून निघालीसुद्धा. हिनंच नको म्हटलं. सकाळी तुमच्या टेकडीवर पितळ चमकतं ना, ते बोटानं दाखवायची. म्हणायची, बघा, बाबा बघतायत. त्यांना दिसलंय, निघालेच असतील. रात्री सारखी विचारत होती, दिसलं असेल ना? दिसलं असेल ना? काय सांगणार? आम्ही म्हणत राहिलो, हो गं, दिसलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेमसाहेबाच्या डांडीला आणलेल्या चौघांनीच सुरेशीला खांदा दिला. अंगावर लाल रजई घातली. टोपी डांडीतच राहिली होती. ती कुठं ठेवावी हे कुणाला सुचेना, म्हणून चंपानं ती गुपचूप घरात नेली.

दिवसपाणी आटोपून सबलसिंह लंढौरला परतला तेव्हा दिवाळीची गर्दी सुरू झाली होती. पोट कुणाला सुटलंय? चैतरामनं त्याला दुर्बिणीपाशी आणून बसवलं आणि चहाचा पेला हातात दिला. त्यात दूध होतं. थट्टा दोघांनीही केली नाही.

त्या सकाळी दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. चैतरामला समोरचा देवदारसुद्धा दिसत नव्हता. तरी एक कुटुंब वर आलंच, आणि बाप्या नळीला डोळा लावून वाकला. सबलसिंहानं तोंडातून शिखराचं नाव काढलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "दिसत नसेल तर नाही म्हणा. मला राग नाही यायचा."

त्या माणसानं मागं उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि हसून म्हणाला, "छे, छे, दिसलं की! एकदम छान दिसलं, काका."

सबलसिंहानं पेला खाली ठेवला आणि आवाजाच्या दिशेनं हात जोडले.

"एकदा तरी नाही म्हणा हो," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."