रामनगरच्या तळ्यातला आवाज

"सही करा, निवेदिताजी," साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. बेडकांची अभ्यासक म्हणून माझी सही हवी होती. त्यात छापलं होतं: तळ्यातला बेडूक सगळीकडे सापडतो, रामनगरचं तळं बुजवायला हरकत नाही.

मी मोबाइलवर दोन बेडकांचे आवाज ऐकवले. "दिसतात सारखे, पण प्रजाती वेगळ्या. हा दुसरा फक्त त्याच तळ्यात आहे."

"मला तर एकच वाटतात."

"मग रामघाटावर या. तिथे माझे बाबा मुलांना वेद शिकवतात. सगळ्या मुलांचं मुंडण, सगळ्यांना शेंडी. पण कोण कोणता वेद म्हणतोय, ते बाबा डोळे मिटून सांगतात. त्यांना म्हणून बघा, मुलं सारखीच दिसतात, एक वेद बुडाला तर काय बिघडलं!"

मी अहवालातल्या 'हरकत नाही'मधलं 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं. मग सही केली.